आनंदगृहातील चेचिलिया

मंडळात मुलींच्या शिक्षणाचा विषय निघाला की मला उत्तर इटलीतल्या मांतुआची एक जुनी शाळा आठवते.

१४२३ साली तेथील अधिपती जानफ्रान्चेस्को गोन्झागा याने विट्टोरिनो दा फेल्त्रे या पंडिताला आपल्या मुलांसाठी बोलावून घेतले. शाळेच्या घराचे नावच ‘आनंदगृह’! राजपुत्रांच्या पंक्तीला विट्टोरिनोने गरिबांची मुलेही बसविली आणि पुष्कळांचा खर्च स्वतः सोसला. व्हर्जिल, सिसेरो, होमर, गणित, संगीत, रोजची प्रार्थना आणि भरपूर खेळ. विद्या ही ख्रिस्ती शीलासाठी, अशी त्याची श्रद्धा होती. थोरला लुदोविको बेसुमार लठ्ठ होता; गुरुजींनी त्याचे खाणे हळूहळू आटोक्यात आणले. छडी मारण्याहून हे किती अवघड, ते आम्हां आयांना कोणी सांगायला नको!

परंतु माझे मन गुंतते ते चेचिलियात. भावांबरोबर तीही शिकली आणि लहानपणीच ग्रीक वाचू लागली. पुढे तिने मठवासिनी होण्याचे ठरविले. वडिलांना मात्र तिचे लग्न करून द्यायचे होते. त्यांनी कडाडून विरोध केला. ज्या बापाने मुलांना शील शिकविण्यासाठी गुरू आणला, त्यालाच मुलीचा निश्चय सोसवेना! चेचिलिया नमली नाही. १४४४ साली वडील वारले, त्यानंतरच तिला मठात जाता आले. १४४६ साली विट्टोरिनोही गेला.

१४४७ साली पिसानेल्लो या कलावंताने चेचिलियाचे पदक घडविले. त्यावर तिच्या नावापुढे कोरले आहे : कुमारिका, जानफ्रान्चेस्कोची कन्या.