स्वभावाचे माप

आपल्या शनिशिंगणापूरची ख्याती आहे ती दारे-कुलपे नसलेल्या घरांची. चोराला शनिदेव पाहून घेतो, ही आपली श्रद्धा. पण भगिनींनो, चोर बाहेरून येतो. बायकोवर उठणारा हात घरातलाच असतो. सोयरीक जमवताना आपण पत्रिका पाहतो, जमीन पाहतो आणि ‘मुलगा जरा तापट आहे’ हे हसण्यावारी नेतो. तापटपणाला कुठे माप असते?

हे माप शोधण्याचा इतिहास फार जुना नाही. अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ मरे स्ट्रॉस यांनी १९७९ साली एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. ‘नवरा छळतो का?’ असे विचारले तर बाई मान खाली घालते. म्हणून तीत एकेक कृती विचारली आहे: ढकलले का, थप्पड मारली का, वर्षातून किती वेळा? यावर आक्षेपही आला. मारणाऱ्याचा हात आणि स्वतःला वाचवणारीचा धक्का एकाच तागडीत पडतात. कोण कोणाला भिते ते कळत नाही.

पुढे १९८६ साली तिथल्याच परिचारिका जॅकलिन कॅम्पबेल यांनी जिवाचा धोका मोजण्याची रीत मांडली. तीत बाईने मारहाणीच्या दिवसांवर कॅलेंडरात खुणा करायच्या, आपण दुधाचे खाडे मांडतो तशा. मार वाढत चालला आहे, हे मग तिचे तिलाच दिसते. गळा दाबणे, जिवे मारण्याची धमकी देणे, ही फार धोक्याची लक्षणे.

आपल्या देशातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २००५-०६ पासून स्ट्रॉस यांच्या धर्तीवर सविस्तर प्रश्न आले. ते घरातील एकाच स्त्रीला, एकांतात विचारतात. मैत्रिणींना भेटू देत नाही का, माहेरचा संबंध तोडू पाहतो का, पैशाबाबत अविश्वास दाखवतो का, हेही त्यांत आहे. २०१९-२१ च्या पाहणीत १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या सुमारे २९ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून शारीरिक वा लैंगिक अत्याचार झाल्याचे सांगितले. २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झालेल्या कायद्यानेही शिवीगाळ आणि पैशाची कोंडी यांना छळच म्हटले आहे.

कोणतेही माप भविष्य सांगत नाही. पण साहेबापुढे, सावकारापुढे ज्याचा हात आवरतो आणि बायकोपुढेच सुटतो, त्याला तापट कसे म्हणावे? लेक द्यायच्या आधी एवढे तरी पाहावे. आणि दिलेली लेक माहेरी आली, तर ‘बरी आहेस ना?’ एवढ्यावर न थांबता तिला एकटीला बसवून एकेक गोष्ट विचारावी.