नगरच्या किल्ल्यातलं रूटीन

पहाटे पाचला उठा, व्यायाम करा, वाचन करा, फोन लांब ठेवा... असे रील्स तुमच्याही फोनवर रोज येत असतील. आज मी तुम्हाला अशा बारा माणसांकडे घेऊन जाणार आहे ज्यांच्याकडे फोन नव्हता, सुरुवातीला वर्तमानपत्र नव्हतं, पत्रं नव्हती. वेळ मात्र भरपूर होता. ठिकाण आपलं नगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर. भुईकोट किल्ला.

९ ऑगस्ट १९४२. ‘चले जाव’चा ठराव झाला आणि पहाटेच मुंबईत धरपकड झाली. गांधीजींना पुण्याला आगाखान पॅलेसमध्ये नेलं आणि काँग्रेस कार्यकारिणीतल्या बाकीच्या बहुतेकांना नगरला आणलं. नेहरू, वल्लभभाई पटेल, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव, गोविंद वल्लभ पंत, आपले शंकरराव देव वगैरे. त्यांना कुठे ठेवलंय हेसुद्धा सरकारने सुरुवातीला बाहेर कळू दिलं नाही. किती दिवस राहायचं, कुणालाच माहीत नव्हतं. शेवटी मार्च १९४५ उजाडला. म्हणजे अडीच वर्षांहून जास्त.

ही सगळी काही धट्टीकट्टी तरुण मंडळी नव्हती. नरेंद्र देवांना दमा, वल्लभभाईंना पोटाचं दुखणं. मग दिवस काढायचे कसे? अंगण उजाड होतं, तर पुण्याहून बिया मागवल्या. तीस-चाळीस प्रकारच्या! नेहरूंनी पुढाकार घेतला, वाफे केले, रोज पाणी घातलं, फुलं आली. नेहरूंना तर खणायचा नादच लागला. खणताना जुन्या भिंती आणि घुमटांचे माथे लागायचे. हा चांदबिबीचा किल्ला आहे हो, मातीखाली इतिहास असणारच. हात मातीत आणि डोकं पुस्तकात. त्यातूनच एप्रिल ते सप्टेंबर १९४४ या पाच महिन्यांत त्यांनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहून काढलं. पट्टाभी सीतारामय्याही तिथे लिहीत होते. नरेंद्र देव बौद्ध ग्रंथाच्या भाषांतराला बसले होते. अंगमेहनत, अभ्यास आणि गप्पा मारायला माणसं. आज कुठल्याही वेलनेस ॲपमध्ये याहून वेगळं काय सांगतात?

पण मला आज बोलायचंय ते मौलाना आझादांबद्दल.

अटकेच्या वेळी आझाद ५३ वर्षांचे होते आणि काँग्रेसचे अध्यक्ष होते. शिस्त म्हणजे किती, तर पहाटे तीन-चारला उठायचे आणि स्वतःच्या हाताने चहा करायचे. चिनी, जाईच्या वासाचा, बिनदुधाचा. मग एका मित्राला पत्रं लिहायची, जी पाठवता येणारच नव्हती. पुढे त्या पत्रांचं ‘ग़ुबार-ए-ख़ातिर’ हे पुस्तक झालं. (चहाच्या घोटागणिक सिगारेटचा झुरकाही असायचा. तेवढं सोडून द्या!)

१९४३ च्या सुरुवातीला बातमी आली की कलकत्त्यात त्यांची पत्नी झुलेखा बेगम खूप आजारी आहे. अधिकाऱ्याने सुचवलं की सरकारला काही विनंती करायची असेल तर मी पोचवतो. आझादांनी नकार दिला. ज्या सरकारशी लढतोय त्याच्याकडे सवलत मागायची नाही, हा त्यांचा बाणा.

आणि मग त्यांनी ठरवलं की आपल्या दिनक्रमात तसूभर फरक पडू द्यायचा नाही. त्याच वेळी चहा, त्याच वेळी जेवणाच्या टेबलावर. दुपारी वर्तमानपत्र यायची वेळ झाली की छातीत धडधडायचं, पण धावत जायचं नाही, मान खाली घालून लिहीत बसायचं. ९ एप्रिलला पत्नी गेल्याची तार आली. दोनच दिवसांनी लिहिलेल्या पत्रात त्यांनी स्वच्छ कबूल केलंय की ते शांत राहणं बरंचसं सोंग होतं, आणि ते वठवता वठवता शरीर आतून झिजत होतं. त्याच पत्रात किल्ल्याच्या आवारातल्या एका जुन्या, कुणाची ते माहीत नसलेल्या कबरीचा उल्लेख आहे. ती बातमी आल्यापासून नजर पुन्हा पुन्हा तिकडेच जात होती. पुढे काही महिन्यांत त्यांची बहीणही गेली.

आता आकडे ऐका. अटकेच्या वेळी आझादांचं वजन १७० पौंड होतं. नगरहून बंगालमधल्या बांकुऱ्याला हलवलं तेव्हा १३०. म्हणजे साधारण १८ किलो कमी. भूकच मेली होती. तेच अंगण, तीच फुलं, तोच भटारखाना! नेहरू त्याच भिंतींच्या आतून एक जाडजूड ग्रंथ घेऊन बाहेर पडले. मी हे दोघांची तुलना करायला सांगत नाहीये. आझादांचा बाणा मला थोरच वाटतो. पण वेळापत्रक पाळलं म्हणजे माणूस बरा आहे, असं आपण धरून चालतो ना, तिथे मला हे १८ किलो आठवतात. आझादांनी ते दुःख सोबतच्या अकरा जणांपासूनही झाकून ठेवलं होतं.

किल्ला आजही लष्कराच्या ताब्यात आहे. नेत्यांना ठेवलं होतं त्या खोल्या स्मारक म्हणून जपल्यात. नगरला गेलात तर ओळखपत्र जवळ ठेवा आणि आधी चौकशी करून जा.

जून १९४५ मध्ये आझाद सुटले. हावडा स्टेशनवर गर्दी उसळली होती. गाडीत बसल्यावर त्यांनी आधी पत्नीच्या कबरीकडे न्यायला सांगितलं. मिळालेल्या हारांपैकी एक त्यांनी कबरीवर ठेवला आणि मनातल्या मनात फातिहा म्हटला. तीन वर्षांपूर्वी ते मुंबईला निघाले तेव्हा ती दारापर्यंत निरोप द्यायला आली होती.