घासावी की बदलावी : एंजिनाच्या झडपेच्या दुरुस्तीविषयी काही विचार

यंत्रविद्येच्या इतिहासात नव्या शोधांची नोंद तपशीलवार आढळते. शोध लागल्यानंतर ती यंत्रे चालती कशी ठेवली गेली, याकडे मात्र इतिहासकारांचे लक्ष क्वचितच जाते. अंतर्ज्वलन एंजिनाची निष्कास झडप, म्हणजे कारखान्याच्या बोलीतील ‘एक्झॉस्ट व्हॉल्व्ह’, हे या उपेक्षेचे एक बोलके उदाहरण होय. झिजलेली झडप घासून पुन्हा बसवावी की टाकून देऊन नवी घालावी, हा प्रश्न वरकरणी मिस्त्रीच्या अनुभवाचा वाटतो. वस्तुतः त्याचे उत्तर देण्याचा अधिकार विसाव्या शतकात हळूहळू मिस्त्रीच्या हातून निसटत गेला.

या प्रश्नाचे मूळ झडपेच्या रचनेतच आहे. झडपेची तिरपी कड, सामान्यतः 45 अंशांची, बैठकीवर घट्ट टेकते. ज्वलनाची उष्णता झडपेतून बाहेर पडण्याचा मुख्य मार्गही हीच बैठक. म्हणून कड आणि बैठक यांत जराशी फट राहिली की केवळ दाब कमी होतो असे नाही. तप्त वायू त्या फटीतून वाहतात, झडपेला थंड होण्यास वाव राहत नाही आणि कड जळू लागते. घासल्याने फट नाहीशी होते खरी, परंतु प्रत्येक घासणीत झडपेच्या डोक्याचा काठ पातळ होत जातो. पातळ काठ लवकर लाल होतो, आणि ठिणगी पडण्यापूर्वीच मिश्रण पेटवू शकतो. काठाची जाडी 1/32 इंच, म्हणजे सुमारे 0.8 मिलिमीटर, याहून कमी झाल्यास झडप बदलावी, असा संकेत कारखान्यांत रूढ झाला तो यामुळेच. दांडी वाकली असेल किंवा डोक्याला तडा गेला असेल, तर विचाराचे कारणच उरत नाही. तुटलेले डोके सिलिंडरात पडले तर दट्ट्याची गत काय होते, हे मिस्त्रीला सांगावे लागत नाही.

फोर्डच्या ‘मॉडेल टी’च्या काळात (1908 ते 1927) हा निर्णय बहुधा मालकच घेत असे. या गाडीच्या सुरुवातीच्या झडपांचे डोके बिडाचे आणि दांडी पोलादाची होती. कार्बोरंडमची पूड तेलात कालवून कडेला लावावयाची आणि झडप पूर्ण न फिरवता पुढेमागे हलवीत घासावयाची, एवढेच ते काम. पण घासलेली झडप बैठकीत खाली उतरे, दांडीचे टोक टॅपेटला भिडू लागे, आणि टॅपेटमध्ये अंतर जुळविण्याची सोय नसल्याने ते टोकच कानशीने कमी करावे लागे. म्हणजे एका दुरुस्तीच्या पोटी दुसरी दुरुस्ती! तरीही झडप साधी असल्यामुळे हा सारा व्यवहार मालकाच्या आवाक्यात होता.

ही स्थिती विमानविद्येने पालटली. फार्नबरो येथे पहिल्या महायुद्धाच्या काळात हवेने थंड होणाऱ्या सिलिंडरांवर काम केलेले सॅम हेरन 1921 साली अमेरिकेत गेले, आणि तेथे त्यांनी पोकळ झडपेत प्रथम क्षार व नंतर सोडियम भरण्याची पद्धत विकसित केली. सोडियम सुमारे 98 अंश सेल्सियसला वितळते आणि झडपेबरोबर वरखाली उसळत डोक्यातील उष्णता दांडीकडे नेते. अशी झडप फुटली व सोडियमचा पाण्याशी संबंध आला, तर स्फोट संभवतो. एल्वुड हेन्स यांच्या कोबाल्ट-क्रोमियम मिश्रधातूचा, म्हणजे स्टेलाइटचा, थर पुढे झडपांच्या कडांवर चढविला जाऊ लागला. तो थर असेपर्यंतच घासणे शक्य. थर किती उरला हे नजरेने कळत नाही. येथे मिस्त्रीच्या बोटांपेक्षा धातुशास्त्रज्ञाचा तक्ता अधिक विश्वासार्ह ठरला.

इंधनाने या प्रश्नात आणखी गुंतागुंत निर्माण केली. थॉमस मिजली यांनी डिसेंबर 1921 मध्ये टेट्राएथिल शिशाचा गुण ओळखला, आणि 1923 पासून शिसेयुक्त पेट्रोल विकले जाऊ लागले. शिशाची संयुगे तप्त झडपेला खात, तर बैठकीवर साचलेला त्यांचाच पातळ लेप तिची झीज रोखी. एकच द्रव्य एका भागाचे शत्रू व दुसऱ्याचे रक्षक बनले होते. माणसाच्या शरीराला मात्र ते विषच होते.

मुंबईत या प्रश्नाला आर्थिक बाजू होती. शिवडी येथे 1928 मध्ये सुरू झालेला जनरल मोटर्सचा जुळणी कारखाना, प्रत्यक्ष उत्पादनाची योजना नसलेल्या कंपन्यांविषयीच्या 1953 च्या सरकारी धोरणानंतर, 1954 मध्ये बंद पडला. गाड्या मात्र रस्त्यावर राहिल्या. आयातीवर निर्बंध असताना ‘बदलावी’ हे उत्तर तांत्रिकदृष्ट्या कितीही योग्य असले, तरी सुटा भाग मिळेल तेव्हाच ते उपयोगाचे. अशा परिस्थितीत 1/32 इंचाचा संकेत पाळणे हे मालकाच्या ऐपतीवर अवलंबून राहणार, हे उघड आहे.

भारतात 1 फेब्रुवारी 2000 पासून शिसेयुक्त पेट्रोल सर्वत्र बंद झाले. जुन्या एंजिनांच्या बिडाच्या, कठीण न केलेल्या बैठकींचा लेप गेला, आणि सततच्या जड वापरात झडपा बैठकीत खोल उतरण्याचा धोका उत्पन्न झाला. त्यावर झडप घासणे हा उपाय नव्हता, ती बदलणे हाही नव्हता. बैठक कापून तेथे कठीण धातूचे कडे ठोकावे लागे.