ओनामा आणि कायदा

मराठीत कोणत्याही कामाच्या आरंभाला आपण ‘ओनामा’ म्हणतो. हा शब्द मुळात शाळेतला. जुन्या पंतोजींच्या शाळेत नव्या मुलाचा हात धरून ‘ॐ नमः सिद्धम्’ ही अक्षरे गिरवून घेत. मुलांच्या तोंडी त्यांचे ‘ओनामासीधं’ झाले आणि त्याचाच संक्षेप होऊन ‘ओनामा’ भाषेत रुळला. लहान मुलाच्या शिक्षणाचा पहिला दिवस साऱ्या आरंभांना आपले नाव देऊन गेला, यावरून त्या दिवसाचे महत्त्व आपल्या पूर्वजांना किती वाटत होते हे दिसते. परंतु तो दिवस कोणाच्या वाट्याला यावा आणि त्या दिवशी मुलाच्या पाठीशी कोणी, कसे उभे राहावे, या प्रश्नाचे उत्तर गेल्या सव्वाशे वर्षांत अनेकदा बदलले आहे. कायद्याच्या अभ्यासकाला या बदलाचा माग ‘पालक’ या एका शब्दावरून काढता येतो. प्रस्तुत लेखाचा उद्देश तोच आहे.

पंतोजींची शाळा देवळात किंवा एखाद्या वाड्याच्या ओसरीवर भरे. धुळपाटीवर अक्षरे, मग मोडीचे वळण, मग पाढे. त्यांतही पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, असा तो क्रम होता. वर्षारंभ ठरलेला नसल्याने बरा मुहूर्त पाहून मुलाला बसवीत. घराचा आणि शाळेचा संबंध निकटचा होता. पंतोजीला धान्यधुन्य घरातून जाई आणि संध्याकाळी आजीपुढे पाढ्यांची उजळणी होई. एवढ्यावरून त्या काळाचे गोडवे गाणे मात्र योग्य ठरणार नाही. छडी आणि अंगठे धरणे हे तेथील नित्याचे उपचार होते. शाळा चुकविणाऱ्याची मोठी मुले उचलबांगडी करून आणीत आणि आईबाप ती दारातून पाहत. शिवाय त्या ओसरीवर बसण्याचा मान बहुसंख्य जातींच्या मुलांना आणि बहुतेक सर्व मुलींना नव्हताच.

ही उणीव ज्यांना सर्वांत आधी आणि सर्वांत तीव्रतेने जाणवली, त्यांत महात्मा जोतीराव फुले हे अग्रणी होत. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी बारा वर्षांच्या वयापर्यंत तरी प्राथमिक शिक्षण सक्तीचे असावे अशी मागणी केली. सरकारने ती मानली नाही. तिचा पहिला मोठा प्रयोग झाला तो एका मराठी संस्थानिकाच्या गुजराती मुलखात. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १८९३ साली काठेवाडातील अमरेली तालुक्यात सक्तीचे मोफत शिक्षण सुरू केले, आणि त्या अनुभवावर १९०६ साली सर्व राज्यासाठी कायदा केला. मुलग्यांसाठी सात ते बारा आणि मुलींसाठी सात ते दहा ही वये त्यात ठरविली होती. मूल शाळेत न पाठविणाऱ्या पालकाला दंड होता. कायद्याच्या पोथीत पालकाचा प्रवेश झाला तो असा, आरोपी म्हणून.

बडोद्याचा हा दाखला नामदार गोखल्यांनी ब्रिटिश सरकारपुढे ठेवला. मार्च १९११ मध्ये त्यांनी मांडलेले प्राथमिक शिक्षणाचे विधेयक अत्यंत सौम्य होते. जेथे पुरेशी मुले आधीच शाळेत जात असतील, तेथेच स्थानिक संस्थेने सक्ती लागू करावी, एवढेच त्यात म्हटले होते. मार्च १९१२ मध्ये ते ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. पाच वर्षांनी, १९१७ साली, कोल्हापुरात शाहू छत्रपतींनी आपल्या संस्थानात मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा निर्णय घेतला. मूल न पाठविणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपयापर्यंत दंडाची तरतूद त्यात होती. १९१८ साली विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यातील नगरपालिकांनाही अशी सक्ती करण्याची मुभा मिळाली.

या सर्व कायद्यांमागील हेतू उदात्त होता, यात शंका नाही. दंडाची तरतूदही निष्ठुरपणाने केलेली नव्हती. परंतु मूल शाळेत का येत नाही, या प्रश्नाचे उत्तर दंडाच्या पावतीत मिळत नसे. गरिबाघरचे सात वर्षांचे मूल रिकामे नव्हते. ते गुरे राखी, धाकटे भावंड सांभाळी, शेतावर भाकरी पोचवी. ते शाळेत गेले तर त्याचे काम कोणी करावे, हा बापापुढचा खरा प्रश्न होता. मुलाच्या दृष्टीने पाहिले तर शाळा हे अनोळखी माणसांचे, अनोळखी भाषेचे आणि भीतीचे स्थान होते. बापाला दंड केल्याने ही भीती कमी होण्याचे कारण नव्हते.

या प्रश्नाला दुसऱ्या बाजूने हात घातला तो ताराबाई मोडक यांनी. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासमवेत त्यांनी बालशिक्षणाचे काम केले आणि १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली. पुढे शहरातील सुस्थित मुलांवर समाधान न मानता १९४५ साली त्या बोर्डीस गेल्या, आणि अनुताई वाघ त्यांना तेथे येऊन मिळाल्या. आदिवासी पाड्यांतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा या दोघींनी बालवाडीच पाड्यावर नेली. झोपडीपुढच्या अंगणात मुले जमवावीत, त्यांना न्हाऊमाखू घालावे, पाने, बिया, खडे, शिंपले मांडून मोजणी शिकवावी, आणि हे सारे आईच्या डोळ्यांसमोर चालावे, अशी ती ‘अंगणवाडी’ होती. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले, आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणावरच ‘कुरणशाळा’ भरू लागली. १९७५ साली भारत सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्रांना हाच ‘अंगणवाडी’ शब्द लाभला. आपल्या भाषेतील एका घरगुती शब्दाचा एवढा मान क्वचितच झाला असेल. कोसबाडचा धडा साधा आहे. घर आणि शाळा यांतील अंतर मुलाने एकट्याने तोडू नये. मोठ्या माणसांनी ते आधी कमी करून ठेवावे.

कायद्याला हे शहाणपण यायला वेळ लागला. राज्यघटनेच्या ४५व्या अनुच्छेदाने चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना दहा वर्षांत मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा संकल्प केला. १९६० साली ती मुदत संपली, संकल्प अपुराच राहिला. २००२ साली ८६व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा शिक्षणाचा हक्क मूलभूत ठरला आणि त्याच दुरुस्तीने मुलाला शिक्षणाची संधी देणे हे पालकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून लिहिले गेले. त्यानुसार झालेला २००९चा कायदा १ एप्रिल २०१० रोजी अमलात आला. त्याचे दहावे कलम पालकावर मूल शाळेत घालण्याचे कर्तव्य टाकते. पण त्यासाठी दंड एका पैशाचाही सांगत नाही. उलट प्रवेशासाठी मुलाची किंवा आईबापांची चाचणी घेणाऱ्या शाळेला पहिल्या वेळी पंचवीस हजार रुपयांपर्यंत आणि पुढील प्रत्येक वेळी पन्नास हजारांपर्यंत दंड आहे. १९१७चा दंड आणि हा दंड शेजारी ठेवून पाहावेत, म्हणजे शतकभरात न्यायाचा काटा कोठून कोठे सरकला ते कळते. जन्मतारखेचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. मारहाण व मानसिक छळ निषिद्ध आहे. सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश जागा पालकांच्या आहेत. अल्पसंख्याकांच्या शाळांना हा कायदा लागू होत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दिला, हेही आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेरील मराठी समाजाने लक्षात ठेवावे. कारण आपल्या काही शाळा त्या वर्गात मोडतात.

आपल्या समाजापुढे आणखी एक प्रश्न उभा असतो, तो भाषेचा. १९५६ साली घटनेत घातलेला ३५०-अ हा अनुच्छेद भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक पायरीवर मातृभाषेतून शिकण्याच्या सोयी देण्यास राज्यांना सांगतो. दुसरीकडे, कर्नाटकातील भाषाधोरणाच्या खटल्यात २०१४ सालीच सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, मुलाची मातृभाषा कोणती हे ठरविणे पालकाच्या हाती आहे आणि मातृभाषेच्या माध्यमाची सक्ती राज्याला करता येत नाही. म्हणजे निवड अखेर घरात होते. ती कोणतीही असो, तिचा पहिला भार मुलावर पडतो. गोव्यात १९६१च्या मुक्तीनंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या कारकिर्दीत गावोगाव मराठी प्राथमिक शाळा निघाल्या आणि हजारो घरांत प्रथमच पाटी आली. त्या मुलांपैकी कित्येकांच्या घरी ‘उदक’ होते आणि पुस्तकात ‘पाणी’. घरी ‘सुणें’ आणि पुस्तकात ‘कुत्रा’. ज्या शिक्षकाने दोन्ही शब्द आपले मानले, त्याच्या वर्गातले मूल बोलते झाले. बेळगावच्या मुलाला कानडी, इंदूर-ग्वाल्हेरच्या मुलाला हिंदी, बडोद्याच्या मुलाला गुजराती आणि सर्वत्रच इंग्रजी, असा हा अनुभव आजही येतो.

येथे कायद्याची हद्द संपते आणि घराचे काम सुरू होते. पहिलीत जाणाऱ्या मुलाच्या आईबापांना या इतिहासातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. ‘थांब, मास्तरांना सांगते’ या वाक्याने शाळेची भीती शाळेआधीच घरात शिरते. ते वाक्य टाळावे. शाळेची वाट, वर्ग, पाण्याची व शौचाची जागा मुलाला आधी दाखवून आणावी. दप्तर भरणे, डबा उघडणे, बटण लावणे ही कामे त्याची त्याने करावी, कारण तेथे ती करायला आई नसते. घरची भाषा अपुरी समजून तोडू नये. गोष्ट घरच्या भाषेत सांगावी आणि शाळेचे शब्द तिच्या सोबतीने येऊ द्यावेत. जे मूल एका भाषेत भरभरून बोलते ते दुसरीही लवकर आपलीशी करते. संध्याकाळी ‘आज किती शिकवले?’ या उलटतपासणीऐवजी ‘आज कोणाशी खेळलास?’ असे विचारावे. अक्षर वाकडे आले तर येऊ द्यावे. सहा वर्षांच्या बोटांत अजून पुरते बळ आलेले नसते. शेजारच्या मुलाशी तुलना करू नये. आणि मूल दारात रडले तर त्याला न लाजविता निरोप घ्यावा, घेण्याची वेळ नेमकी सांगावी आणि ती पाळावी. दिलेला शब्द पाळला जातो हे मुलाला कळले, की शाळेवरही त्याचा विश्वास बसू लागतो.

सयाजीराव, गोखले आणि शाहू महाराज यांनी मुलाला शाळेच्या दारापर्यंत आणण्यासाठी राज्यशक्ती पणाला लावली. ताराबाई आणि अनुताई शाळा घेऊन त्याच्या अंगणात गेल्या. आज दार उघडे आहे, हक्क लिहिलेला आहे, आणि पालकाचे नाव आरोपींच्या यादीतून निघून व्यवस्थापन समितीच्या यादीत आले आहे. त्या समितीच्या पुढच्या सभेला वेळ काढून जावे, आणि घरी परतल्यावर मुलाला जवळ घेऊन आजचा ओनामा कसा झाला ते निवांतपणे ऐकावे.