कोरड्या तोंडाचा इतिहास : हुक्का, मिश्री आणि ई-सिगारेट

तंबाखू आपल्याकडे विष म्हणून कधीच आली नाही. ती आली औषध म्हणून. पुढे दात स्वच्छ करणारी भुकटी म्हणून घराघरांत शिरली, मग तोंडाला सुवास देणारा मसाला म्हणून पुड्यांत भरली गेली. आता ती धूर नसलेली, राख नसलेली, आंबा-पुदिन्याच्या वासाची वाफ होऊन पोरांच्या खिशात आली आहे. वेष चार, आणि चारही वेळा किंमत मोजली ती तोंडाने. म्हणून हा इतिहास दातांच्या बाजूने वाचायला हवा.

सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी तंबाखू गोव्यात आणली. तिथून ती आदिलशाहीत पोहोचली. १६०३-०४च्या सुमारास अकबर बादशहाचा दूत असद बेग विजापुरात होता. इब्राहिम आदिलशहा दुसरा याची मुलगी शहजादा दानियालसाठी मागितली होती. तो विवाह १६०४ साली गोदावरीकाठी पैठणला झाला. आपल्या गेवराईचा गोदाकाठ तिथून लांब नाही. असद बेग आग्र्याला परतला तेव्हा त्याच्या सामानात भरपूर तंबाखू आणि रत्नजडित चिलीम होती. दरबारात काय घडले ते त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे.

बादशहाने कुतूहलाने दोन-तीन झुरके घेतले. हे काय आहे, असे विचारल्यावर एका बड्या सरदाराने सांगितले की ही मक्का-मदिनेतही माहीत असलेली वस्तू आहे आणि हुजुरांसाठी औषध म्हणून आणली आहे. शाही हकिमाने मात्र हरकत घेतली. आपल्या वैद्यकाच्या ग्रंथांत हिचा उल्लेख नाही, गुण-दोष तपासलेले नाहीत, अशी न पारखलेली वस्तू बादशहाने घेऊ नये, असे त्याचे म्हणणे होते. असद बेगने वाद घातला आणि दरबारातला वाद जिंकलाही. अकबराने सवय लावून घेतली नाही, पण सरदारांनी मागणी केली, व्यापाऱ्यांनी माल आणला आणि हकिमाचा प्रश्न मागे पडला. चारशे वर्षांनंतरही तो तितकाच रास्त आहे : तपासले कोणी?

पुढे हुक्का आला. धूर पाण्यातून गेला की निर्मळ होतो, ही त्यामागची समजूत. हुक्क्याचे श्रेय अकबराचा हकीम अबुल फतह गिलानी याला देण्याची प्रथा आहे. पण हा हकीम १५८९ सालीच वारला होता, म्हणजे असद बेगची चिलीम दरबारात पोहोचण्याच्या बऱ्याच आधी. नव्या व्यसनाला हकिमाचे नाव जोडले की ते पथ्याचे वाटू लागते, एवढे मात्र यातून दिसते. पाण्याने धूर थंड होतो, निकोटीन जात नाही.

१६१७ साली जहांगीरने तंबाखूबंदीचे फर्मान काढले. इराणच्या शाह अब्बासनेही बंदी घातली होती. पण जहांगीरचा इराणमधला वकील खान आलम याला तंबाखूशिवाय राहवेना, तेव्हा शहाने त्याला खास सवलत दिली. ज्या दरबाराने बंदी घातली, त्याच दरबाराच्या माणसाला सूट! बंदी टिकली नाही, यात नवल नाही.

आता दातांकडे येऊ. दखनमध्ये दात घासण्याची परंपरा तंबाखूपेक्षा खूप जुनी आहे. कडुलिंब-बाभळीच्या काड्या होत्या, मुस्लिम घरांत मिसवाक होता. युनानी हकीम दंतमंजनाला ‘सुनून’ म्हणत. बायका शोभेसाठी दातांना मिस्सी लावत. दखनी मुस्लिमांच्या चालीरीतींवर जाफर शरीफने लिहिलेल्या आणि १८३२ साली लंडनमध्ये छापलेल्या ‘कानून-ए-इस्लाम’ या ग्रंथात मिस्सीची माहिती आहे. मायफळ, मोरचूद, लोखंडाचा कीस अशा वस्तूंची ती काळी पूड. तंबाखू भाजून केलेली मिश्रीही काळीच, आणि तीही बोटानेच दातांना लावायची. जुन्या सवयीच्या जागी नवी वस्तू अलगद बसली.

तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची, डबीत भरायची. बीड जिल्ह्यातल्या बायकांना ही कृती सांगायची गरज नाही. दिवाळीच्या आसपास कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जाणाऱ्या बाईच्या गाठोड्यात ती डबी असते. पहाटे फडात उतरायचे, पोटात काही नाही. मिश्री लावली की तरतरी येते, भूक मरते. दाढ दुखली तरी मिश्रीच. निकोटीनमुळे ठणका कमी वाटतो, दाढ आतून किडतच राहते. शिवाय निकोटीन हिरड्यांतल्या रक्तवाहिन्या आकसवते. त्यामुळे हिरडी आजारी असूनही रक्त कमी येते आणि माणसाला सगळे ठीक वाटते. २०१६-१७च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातल्या सुमारे १७ टक्के बायका तंबाखू वापरत होत्या, त्यांतल्या बहुतेक धूरविरहित प्रकारातली. केंद्र सरकारने १९९२ सालीच दंतमंजन आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालण्यास मनाई केली आहे. पण घरच्या तव्यावर कुठला निरीक्षक येणार? २०१२ साली राज्यात गुटखाबंदी झाली. तिचे काय झाले, ते बीडच्या बसस्थानकाच्या भिंती सांगतात.

चौथा वेष ई-सिगारेटचा. होन लिक या चिनी औषधतज्ज्ञाने २००३च्या सुमारास आजची ई-सिगारेट घडवली. म्हणजे पुन्हा औषधवालाच! भारतात सप्टेंबर २०१९मध्ये वटहुकूम आणि डिसेंबरमध्ये कायदा करून तिचे उत्पादन, आयात, विक्री, जाहिरात आणि साठवण यांवर बंदी आली. विक्रीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. तरीही पुण्या-मुंबईत शिकणाऱ्या पोरांबरोबर ती गावाकडे येते. वास येत नसल्याने घरात कळतही नाही.

या वाफेचा द्रव मुख्यतः प्रोपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीनचा. दोन्ही पदार्थ ओलावा शोषून घेतात, म्हणून तोंड कोरडे पडते. कोरडे तोंड ही नुसती गैरसोय नाही. प्रौढ माणसाच्या तोंडात दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. ती अन्नाचे कण धुते, आम्ल शमवते आणि दाताच्या वरच्या कवचाला कॅल्शियम-फॉस्फेट परत देते. लाळ आटली की हे काम थांबते, दात मुळाशी किडतात, तोंडाला दुर्गंधी येते. त्यात गोड वासाचे द्रव अधिक वाईट. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अशा वाफेने कीड लावणारे जंतू दाताला अधिक चिकटले आणि कवचाचा कठीणपणा घटला.

खरा उपाय सोडणे हाच. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती मदतवाहिनीचा १८००-११२-३५६ हा क्रमांक मोफत आहे. पण जो अजून सोडू शकलेला नाही, त्याला शिव्या देऊन त्याचे दात वाचत नाहीत. त्याने निदान एवढे करावे. कश घेतल्यावर पाण्याने चूळ भरावी, दिवसभर घोट-घोट पाणी प्यावे. चहा आणि थंड पेयांनी कोरड भागत नाही, उलट साखर वाढते. लाळेसाठी बिनसाखरेचे च्युइंगगम किंवा साधी बडीशेप चघळावी. सुपारी आणि आंबट गोळ्या नकोत. फ्लोराईडयुक्त पेस्टने दोनदा दात घासावेत. रात्री लाळ कमी होते, म्हणून झोपताना घासणे चुकवू नये आणि त्यानंतर कश नको. आपल्या जिल्ह्यात काही भागांत बोअरच्या पाण्यातच फ्लोराईड जास्त आहे. दातांवर पिवळे-तपकिरी डाग असतील तर पेस्टबद्दल दंतवैद्याला विचारावे. रोजात दिवसभर तोंड सुकलेलेच असते. अशा तोंडात इफ्तारला खजूर-पाण्याआधी वाफ ओढणे म्हणजे कोरड्यावर कोरड.

मधुमेह आणि रक्तदाब-अ‍ॅलर्जीच्या काही गोळ्यांनीही तोंड कोरडे पडते, हे डॉक्टरांना सांगावे. तोंडात पांढरा-लाल चट्टा किंवा जखम दोन आठवड्यांत बरी झाली नाही, तोंड पूर्ण उघडेना, तर बीडचे जिल्हा रुग्णालय किंवा छत्रपती संभाजीनगरचे शासकीय दंत महाविद्यालय गाठावे. तिथे मिश्रीची डबी असो वा वाफेची नळी, काहीही लपवू नये. पुण्याहून आलेला पोरगा वाफेला ‘निर्धोक’ म्हणतो आणि फडातली आई मिश्रीला ‘दातांचं औषध’. दोघांनाही हकिमाचा तोच जुना प्रश्न एकदा विचारून पाहावा.