वसती, अवस्थान आणि घराचा दिवा



घरे दोन-चार दिवसांच्या पाहुण्यांना भाड्याने देण्यावर शहरांनी बंधन घालावे काय, हा प्रश्न नंदगडच्या व्यासपीठावर परका वाटण्याचा संभव आहे. परंतु आपले गाव मुळात उतारूंचेच. खानापूर-लोंढ्याच्या वाटेने रेल्वे जाण्यापूर्वी गोव्याचे मीठ, नारळ, सुपारी घाट चढून येथे येई आणि देशावरचे धान्य खाली उतरे. मुक्कामाला आलेल्यास ओसरी नाकारणे कमीपणाचे मानले जाई, असे मी घरातील वडीलधाऱ्यांकडून ऐकले आहे.

मराठी भाषेने मात्र राहण्या-राहण्यात फार पूर्वीच भेद केला. महानुभावांच्या 'स्थानपोथी'त श्रीचक्रधरांचा रात्रीपुरता मुक्काम ती 'वसती', आणि दीर्घ वास्तव्य ते 'अवस्थान'. कायद्यालाही हा भेद करावा लागला. १८६७ च्या सराई कायद्याने सराईची नोंदणी, स्वच्छता, पहारेकरी, दरांचा तक्ता आणि साथीच्या रुग्णाची वर्दी सक्तीची केली. पुढे महायुद्धाच्या काळात मुंबईत भाडी भडकली, तेव्हा १९१८ मध्ये भाडेनियंत्रण आले. पहिला कायदा वाटसरूच्या रक्षणासाठी, दुसरा रहिवाशाच्या. आजचा पेच असा की, रहिवाशाचे घरच सराई होऊ लागले आहे.

आपल्या शेजारच्या गोव्यात पर्यटकांना पैसे घेऊन उतरवून घेणाऱ्यांसाठी १९८२ पासून नोंदणीचा कायदा आहे. तरीही प्रश्न मिटलेला नाही. कारण नोंदणीने घर कोणाचे हे कळते, त्यात कोण राहते हे कळत नाही. न्यूयॉर्कने सप्टेंबर २०२३ पासून ३० दिवसांहून कमी मुदतीच्या भाड्यासाठी यजमानाने घरातच राहावे आणि पाहुणे दोनच असावेत, अशी अट अमलात आणली. बार्सिलोनाच्या महापौरांनी जून २०२४ मध्ये याहून कठोर घोषणा केली : पर्यटकांसाठीच्या १०,१०१ सदनिकांचे परवाने नोव्हेंबर २०२८ पर्यंत संपुष्टात आणायचे.

बार्सिलोनाचा मार्ग मला सरसकट मान्य नाही. जुन्या वाड्याची कौले फेरायला, भिंती सावरायला पैसा लागतो. दोन खोल्या पाहुण्यांना देऊन एखादी विधवा किंवा निवृत्त गृहस्थ घर टिकवीत असेल, तर त्याला आडकाठी करणे अन्यायाचे होईल. पण दहा घरे विकत घेऊन एकातही न राहणारा माणूस यजमान नव्हे. तो व्यापारी होय. व्यापार वाईट नसतो, परंतु त्याला मर्यादा घालण्याचा अधिकार नगराला असतो. म्हणून माझे मत असे : ज्या घरात सायंकाळी घरचे माणूस दिवा लावते, तेथे नोंदणी पुरे, जेथे दिवा लावणारे कोणी नाही, तेथे नगराने संख्या ठरवावी, आणि भाड्याने राहणाऱ्यांना जागा मिळेनाशी झाली तर नवे परवाने थांबवावेत.

या मताची किंमत मला घरातच मोजावी लागते. १९६० नंतरच्या दशकात परगावाहून आलेले या शाळेतील शिक्षक आमच्या मागच्या खोल्यांत बिऱ्हाड करून राहत. माझे मराठीचे पहिले संस्कार त्या ओसरीवर, कंदिलाच्या उजेडात झाले. आज माझा पुतण्या म्हणतो, "काका, गोव्याला जाणारी मंडळी शनिवार-रविवारी उतरतील, महिन्याचे भाडे दोन दिवसांत सुटेल." त्याचा हिशेब चूक नाही. मी त्याला एवढेच विचारले, की येत्या जूनमध्ये नवे शिक्षक आले तर ते कोठे राहतील?

अद्याप आमचा निर्णय झालेला नाही. पुढच्या दोन खोल्या पाहुण्यांना आणि मागच्या शिक्षकांना, अशी वाटणी मी सुचविली आहे. शहरांनाही अशीच वाटणी करावी लागेल. वसतीला जागा द्यावी. परंतु तिच्यासाठी अवस्थान मोडू नये. कारण गाव वाटसरूंमुळे गजबजते खरे, पण शाळा चालते ती मुक्कामाला राहणाऱ्यांमुळे.