यादीतले पहिले नाव

मोडी कागद हाती आला की आधी शिक्का पाहायचा, तिथी-वार जुळतात का ते ताडायचे, आणि नक्कल असेल तर अस्सल कुठे आहे ते विचारायचे, ही सवय मला पंचवीस वर्षांची. तरीही २०२३ सालच्या एका दुपारी मी फसलो. बँकेच्या ग्राहक सेवेचा क्रमांक इंटरनेटवर शोधला आणि यादीत सर्वांत वर आलेला क्रमांक फिरवला. पलीकडच्या गृहस्थाने मोठ्या अदबीने एक अ‍ॅप उतरवून घ्यायला लावले. बोलणे संपायच्या आत खात्यातले ४८ हजार रुपये गेले होते. शरमेने दोन दिवस घरात कोणाला सांगितले नाही. तक्रार केली तोवर पैसे हाताबाहेर गेले होते. कागदावर जी शंका मी घेतो ती पडद्यावर का घेतली नाही, या प्रश्नाचा माग काढत मी शोधयंत्रांच्या इतिहासात शिरलो.

पहिले शोधयंत्र मानले जाणारे ‘आर्ची’ १९९० सालचे. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या अ‍ॅलन एम्टेज या विद्यार्थ्याने ते रचले. त्याला फायलींची फक्त नावे कळत. आतला मजकूर नाही. १९९४ मध्ये स्टॅनफर्डच्या जेरी यांग आणि डेव्हिड फिलो यांनी ‘याहू’ची सूची सुरू केली. ती माणसांनी विषयवार लावलेली होती, ग्रंथालयातल्या कार्डांच्या कपाटासारखी. १९९८ साली त्याच विद्यापीठातल्या सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज यांनी ‘गूगल’ची पद्धत मांडली. एखाद्या पानाकडे किती पाने बोट दाखवतात, आणि ती बोट दाखवणारी पाने स्वतः किती वजनदार आहेत, यावरून त्याचा क्रम लावायचा. संशोधन-निबंधांत कोणाचा हवाला किती जण देतात हे मोजण्याची रीत आधीपासून होतीच. कल्पना तिच्याशी जुळणारी. पुढे क्रम लावण्यात इतर अनेक कसोट्यांची भर पडली. २००० सालापासून निकालांच्या सोबत जाहिरातीही आल्या. म्हणजे वरची जागा नावाजलेल्याला मिळते, किंवा विकत मिळते. खरेपणाची हमी त्या जागेत कधीच नव्हती.

इतिहासाच्या वाचकाला हे नवे नाही. शिवछत्रपतींच्या जन्माचे वर्ष बखरींच्या आधाराने शके १५४९, म्हणजे इ.स. १६२७, असे रूढ होते. १९१६ साली लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली प्रसिद्ध केली. तीत शके १५५१ची फाल्गुन वद्य तृतीया निघाली. पुढे परमानंदाच्या ‘शिवभारता’तही तीच तिथी मिळाली. उताऱ्यावर उतारे निघाल्याने एखादी गोष्ट खरी ठरत नाही, हे राजवाड्यांनी १८९८च्या पहिल्याच खंडात बखरी तपासून दाखवले होते. मी ते वाचले होते, इतरांना सांगितलेही होते. मग घोडे अडले कुठे?

उत्तर माझ्याच एका जुन्या वहीत सापडले. आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगममार्फत. साताऱ्यात माझ्यापर्यंत ते पोचायला २००३ उजाडले. कचेरीच्या सक्तीमुळे एमएस-सीआयटी केली, तिथे माऊस हातात बसला. शोधणे मात्र सायबर कॅफेतल्या एका मुलाने शिकवले. वहीत तेव्हाची ओळ आहे: ‘शब्द लिहा, एंटर दाबा, पहिले उघडा.’ त्या काळी हा सल्ला चुकीचा नव्हता. भाडे तासावर, लाइन दूरध्वनीची, एक पान उघडायला चहा पिऊन यावे इतका वेळ. पाच पाने उघडून ताडून पाहणे खिशाला परवडत नसे. त्यात कित्येक मराठी संकेतस्थळांचे फॉन्ट स्वतःचे. पडद्यावर देवनागरी दिसे, पण आत साठवलेली चिन्हे रोमन अक्षरांची. त्यामुळे मराठी शब्द टाकून शोधणे जवळपास अशक्य. युनिकोड रुळल्यावर ती अडचण सुटली. लाइन वेगवान झाली, भाडे सरले, २०१६ पासून यूपीआयने पैसाही त्याच पडद्यावर आणला. माझी सवय मात्र २००३च्या भाड्याच्या तासातच राहिली होती.

कुलपाच्या खुणेचीही तीच गत. पत्त्याशेजारी कुलूप दिसले की निर्धास्त, असे आम्ही घोकले होते. ते कुलूप वाटेचे असते. तुमच्या आणि त्या संकेतस्थळाच्या मध्ये कोणी मजकूर वाचू शकत नाही, एवढेच ते सांगते. पलीकडे बसलेला साव की चोर, हे सांगत नाही. लोकांचा हा गैरसमज लक्षात घेऊन ‘क्रोम’ने २०२३ मध्ये ते कुलूपच काढून टाकले.

मग पाहायचे काय? मराठेशाहीच्या पत्रात मजकूर संपला की मोर्तब उमटे, खाली कोणी ओळ घुसडू नये म्हणून. संकेतस्थळाच्या पत्त्यातही पहिल्या तिरप्या रेघेच्या अलीकडचा शेवटचा भाग आधी वाचावा. सुरुवातीला बँकेचे नाव कोणीही घालू शकतो. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये बँकांना ‘डॉट बँक डॉट इन’ हा राखीव शेवट घ्यायला लावला, तो याचसाठी. दूरध्वनी क्रमांक पासबुकावरून किंवा कार्डाच्या पाठीवरून घ्यावा. अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून अ‍ॅप उतरवू नये. आणि फसलोच, तर शरमेत वेळ न दवडता १९३० हा क्रमांक फिरवावा. पैसे पुढच्या खात्यांतून पसार होण्याआधी थोपवता येतात ते सुरुवातीच्या तासांतच. माझे दोन दिवस तिथेच गेले.

आता दर रविवारी वाचनालयात चार-पाच ज्येष्ठ मंडळी मोबाईल घेऊन माझ्याकडे येतात. त्यांना मी ती वही दाखवतो. जुनी ओळ खोडलेली नाही, कारण तीही एक साधनच आहे. तिच्याखाली तारीख घालून एवढेच लिहिले आहे: ‘पहिले उघडण्याआधी विचारा, हे कोणी लिहिले?’